बाबा, हत्यारांची पेटी परत माळ्यावर ठेवा

प्रिय आई आणि बाबा,

आई, बाबांच्या नव्या चष्म्याचा नंबर अजून ठरायचाय, म्हणून हे पत्र तूच वाचून दाखवणार हे मी धरून चाललेय. मध्ये माझ्या जुन्या मोटरसायकलच्या कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, बरीच भाषा येईल. ती गाळू नकोस. तुला कंटाळा आला तरी ऐकणाऱ्याला येणार नाही.

काल तू फोनवर आवाज बारीक करून सांगितलंस की बाबांनी पेटी खाली काढलीय, पाने तेल लावून पुसलेत आणि बॅगेची चेन दुरुस्त करायला घेतलीय. बाबा, येऊ नका. म्हणजे या, जरूर या, पण डोळा पूर्ण बरा झाल्यावर. आणि राहायला या, गाडी दुरुस्त करायला नको. गाडी सुरू झालीय.

आणि ती मी ठेवणार आहे. आई, विकण्याचा विषय आता काढू नकोस, मी ठरवून टाकलंय. ती मला झेपते. स्टँडवर चढवतानाही कुणाची मदत लागत नाही. रोज कामावर मी तिच्यावरून जात नाही, रात्री चालवत नाही, पावसात तर बाहेरच काढत नाही. तिच्यात वेळ जातो हे खरं, पण तो वेळ मी एरवी फोन चाळण्यात घालवला असता, आणि त्यावरूनही तू बोललीच असतीस. शिवाय अण्णांची निळी मोटरसायकल गेली त्या दिवशी आपण तिघं दारात उभे होतो. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता बाबा, तुमच्यासाठी सविस्तर.

कार्बोरेटर अमल कंपनीचाच, कॉन्सेन्ट्रिक जातीचा. १९६७ पासून आलेला, ज्यात फ्लोटची, म्हणजे पेट्रोल साठायची, वाटी बाजूला नसून बरोबर पोटाखाली असते. अ‍ॅमॅक, ब्राउन अँड बार्लो, बिंक्स असे तीन कारखाने १९२७ मध्ये एकत्र येऊन अमल कशी झाली, ही गोष्ट तुम्ही मला झोपवताना सांगायचात. राजकन्या आणि राक्षस मला बरेच नंतर भेटले. त्यामुळे वाटीवर ते नाव दिसल्यावर मी किंमत विचारायच्या आधीच हो म्हटलं. आई, ते वाक्य ऐकलं नाहीस असं समज.

दुखणं असं होतं. थंड इंजिन टिकलर (वाटीत जादा पेट्रोल सोडणारं बटण) दाबून, पेट्रोल जरा ओघळू देऊन किक मारली की लगेच उठायचं. मूठ थोडी पिळून धरली तर चालायचंही. मूठ सोडली की फुस्स. चोक काढला तरी तेच, आणि अधूनमधून कार्बोरेटरमधून उलटं खोकायचं. प्लग काढला तर पांढरा फटक, काजळीचं नाव नाही. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त.

कार्बोरेटरवर संशय घेण्याआधी ठिणगी बघायची, ही तुमचीच शिस्त. तीच पाळली. ठिणगीचे पॉइंट साफ करून गॅप पंधरा थाऊ (इंचाचे पंधरा हजारांश) ठेवला, कंडेन्सर बदलला, टायमिंग पाहिलं. मग टाकीचं झाकण सैल करून गाडी चालवून पाहिली, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरायचं थांबतं. ते भोक मोकळं होतं. टाकीखालच्या कॉकची नळी काढून बाटलीत धार धरली, धार ठीक होती. कॉकच्या जाळीवर मात्र तांबूस गंजाची पूड साचली होती. तिथेच मला शंका आली की हीच पूड पुढेही गेली असणार.

तुम्ही म्हणालात, मेन जेट (मूठ पूर्ण पिळल्यावर पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा) मोठा टाक. "दम लागतो" एवढंच फोनवर ऐकून कुणीही तेच म्हणेल. पण मी मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून खुणा केल्या आणि कुठल्या खुणेला काय होतं ते पाहिलं. बंदपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलटचा (मंद चालीचं पेट्रोल देणाऱ्या जेटचा) कारभार, तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या (मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या पडद्याच्या) कापाचा, पावापासून पाऊणपर्यंत नीडलचा (स्लाइडला लटकणाऱ्या सुईचा). मेन जेटचं राज्य पाऊणच्या पुढे. माझी गाडी मरत होती ती मूठ सोडल्यावर. मेन जेटपर्यंत गोष्ट पोचतच नव्हती.

तसंच पायलटच्या स्क्रूचं. "दीड फेऱ्यावरून अजून अर्धा बाहेर काढ" हा तुमचा सल्ला निळीसाठी अगदी बरोबर होता. तिचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला होता आणि तो पेट्रोल सोडायचा, बाहेर काढला की मिश्रण दाट. हिचा पायलट स्क्रू हवेचा आहे. बाहेर काढला की हवा वाढते आणि मिश्रण आणखी पातळ होतं. तुमचा हात निळीवर तयार झालेला, तिच्याबाबतीत तुम्ही सांगाल ते मी अजूनही डोळे मिटून करीन.

खरा अडथळा पायलट जेटमध्ये होता. माझ्या कार्बोरेटरमध्ये तो सुटा निघत नाही. स्क्रूच्या मागे, खूप आत, एक बारीक पितळी बुश ठोकून बसवलेला असतो. त्याचं भोक ०.०१६ इंच, म्हणजे ०.४ मिलिमीटर. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर तिथे वार्निशसारखा वाळतो. भिजत ठेवून, फवारा मारून तो पूर्ण निघत नाही. वरून पाहिलं तर कार्बोरेटर लख्ख, त्यामुळे माणसाला वाटतं साफसफाई झाली. मी त्याच मापाची ड्रिलची काडी पिनव्हाइसमध्ये (हातात धरायच्या छोट्या पकडीत) धरून, नुसत्या बोटांनी फिरवत आत घातली. यंत्राला न लावता, भोक मोठं होऊ न देता. मग स्क्रूच्या भोकातून फवारा मारला आणि स्लाइडखालच्या दोन्ही बारीक छिद्रांतून धार आली. बाबा, इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

त्याच फवाऱ्यामुळे तुम्हाला येऊ देत नाहीये. एका भोकातून मारला की तो दुसऱ्यातून नेमका तोंडावर येतो. मी गॉगल घातला होता. तुम्ही घातला नसता, हे आम्हा दोघींना चांगलं माहीत आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धूळ जाऊ द्यायची नाही. गाडीचं काम म्हणजे हे तिन्ही एकदम. जेट उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, "हं, दिसतोय बघ चंद्र" असं तुम्ही म्हणायचात, ते परत करायचंच आहे आपल्याला. पण आत्ता नाही. मोतीबिंदू गेलाय, तेव्हा चंद्र पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसेल.

तुम्ही काम करताना माझ्या मांडीवर ती स्टीलची वाटी असायची. एकेक स्क्रू त्यात टणकन पडायचा आणि मी हलायचं नाही असा हुकूम असायचा. आई, तुझी ती वाटी पेट्रोलच्या वासामुळे स्वयंपाकघरातून हद्दपार झाली, त्याबद्दल तू अजून आम्हाला माफ केलेलं नाहीस. पण त्या वाटीमुळेच मी आजही स्क्रू हरवत नाही.

एक गोष्ट राहिली. जुन्या मालकाने कार्बोरेटरचे नट इतके आवळले होते की फ्लँज (इंजिनाला टेकणारा त्याचा सपाट भाग) दोन्ही कानांकडे वाकला होता आणि मधून हवा खात होता. काचेवर सँडपेपर ठेवून तो घासून सपाट केला, नवा ओ-रिंग घातला, नट बेताने आवळले. मग इंजिन गरम झाल्यावर पायलट स्क्रू दीड फेऱ्यावर ठेवून, इकडे तिकडे हलवून, आवाज जिथे सर्वांत भरीव लागला तिथे थांबले. आता प्लग बदामी येतो. सिग्नलला उभी राहून धकधक करते, मरत नाही.

आई, तुझ्या प्रश्नांची उत्तरं. गाडी घरात नाही, पत्र्याच्या शेडमध्ये असते, वास येत नाही. रात्री पेट्रोलचा कॉक बंद करते, आणि बंद केला का हे पुन्हा जाऊन बघतेही, ती खोड तुझीच. फवाऱ्याचे डबे बाहेरच्या कपाटात आहेत. हेल्मेट नवीन आहे, जुन्या मालकाचं नाही. हातमोजे आहेत, घोट्यावर येणारे बूट आहेत. झोप होते. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेक वेळा.

आता तुम्ही दोघांनी काय करायचंय ते ऐका. बाबा, थेंब चुकवायचे नाहीत, आणि "आईने घातले" असं मला सांगून आईला "मी घातले" असं सांगायचं नाही. डोळा चोळायचा नाही. काळा चष्मा खुंटीवर टांगण्यासाठी दिलेला नाही. पेटी माळ्यावर परत जाईल, पण ती तुम्ही चढवायची नाही. शेजारच्या मुलाला हाक मारा. स्कूटर किती महिने उभी आहे? तिला किक मारायची नाही. मेकॅनिकला बोलवा आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं जुनं पेट्रोल काढून टाकायला सांगा, नाहीतर तिच्याही पायलटचं हेच होईल. तो काम करत असताना तुम्ही खुर्चीवर बसायचं. सूचना कितीही करा.

आई, तुझी पाठ कशी आहे ते तू सांगतच नाहीस. पुढच्या फोनला ते आधी, मग बाकीचं.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, एक अडलंय. बरोबर अर्ध्या मुठीला गाडी किंचित अडखळते, पुढे मोकळी पळते. नीडलची क्लिप मधल्या खाचेत आहे. खालच्या खाचेत घालून नीडल वर उचलू, की आधी नीडल जेट झिजलाय का ते पाहू? जेट झिजला असेल तर मिश्रण आधीच दाट असणार, मग नीडल उचलून आणखी बिघडेल. रविवारी चालू गाडीचा आवाज फोनवर ऐकवते. ऐकून सांगा, तोवर मी क्लिपला हात लावत नाही.