मुलांच्या पानावर ‘पेपर’ला जागा द्या

महोदय,

तुमच्या रविवारच्या मुलांच्या पानावर मेभर ठिपके जोडा आणि शब्दकोडीच दिसली, म्हणून हे पत्र.

मी वेंगुर्ले तालुक्यात मिरची-मसाल्याची कांडप गिरणी चालवते. चैत्र-वैशाखात आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि घेतला तर शिंक येते. आठवीतला नातू तोंडाला फडका बांधून गिरणीच्या पायरीवर मोबाइल बघत बसतो. एक दिवस ओरडला, “आजये, ह्येच्यात सगळी तुझ्या गिरणीतलीच माणसा आसत!”

नेटवरची चित्रकथा होती, ‘पेपर अँड कॅरट’. पेपर म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, मिरी. ही मिरी पोरसवदा चेटकीण, आणि कॅरट हा तिचा गाजराच्या रंगाचा बोका. बरोबरीच्या पोरी कोण, तर केशर, कोथिंबीर आणि शिचिमी. शिचिमी म्हणजे जपानातलं सात जिनसांचं तिखट. सातच? आमच्या मालवणी मसाल्यात त्याच्या दुप्पट पडतात. मिरीला जादू शिकवणाऱ्या तीन बायांची नावं लाल मिरची, जिरं आणि थाइम. थाइम आमच्याकडे नाही, पण ओव्याच्या वासाची आहे म्हणतात.

मला तिसरा भाग सगळ्यांत आवडला. मिरी बाजारात जाते, भोपळ्यासारखी आठ फळं मागते, भाव ऐकते आणि ओशाळून चारच घेते. तेवढ्यात केशर येते आणि सांगते, सगळंच दोन-दोन डझन द्या, नेहमीसारखं उत्तम प्रतीचं. दुकानदाराचं तोंड लगेच गोड. हे मी शनिवारच्या बाजारात शंभरदा पाहिलंय, आणि चारच घेणारी बरेचदा मीच असते. शिवाय मिरीची जादूची रसायनं नेहमी थोडी चुकतात, बोका त्यात भर घालतो. मसाला एकदा जास्त भाजला गेला की काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

काढणारा फ्रान्सचा डेव्हिड रेव्हॉय. 2014 पासून तोच लिहितो, तोच रंगवतो. तेही क्रिता नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. वाचायला पैसे नाहीत, मध्ये जाहिराती नाहीत. ज्यांना आवडतं ते वाचक आपखुशीने त्याला पैसे पाठवतात. हौशी लोकांनी पन्नासहून अधिक भाषांत ती नेली आहे. सुरुवातीचे भाग तर चार-दोन वाक्यांचे. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं, तरी अडलं नाही.

आता तुमच्या कामाचं. नातवाने परवान्याचं पान वाचून दाखवलं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे. कोणीही ती छापावी, भाषांतर करावं, विकावीसुद्धा. कर्त्यांचं नाव आणि परवाना द्यायचा, काय बदललं ते सांगायचं, बस. ग्लेना या फ्रेंच प्रकाशनाने 2016 मध्ये तिचं पुस्तकही काढलं. मग तुम्हाला दर रविवारी एक पान छापायला काय हरकत आहे? मराठी करणाऱ्याला एकच विनंती, जिऱ्याचं जिरंच ठेवा. मालवणीत केलंत तर आणखी बरं, आमच्या गिरणीत वाचणारे भरपूर आहेत.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मुलांना चेटूक कशाला वाचायला देता? मी विचारलं, मग देवचाराला, आपल्या राखणदार भुताला, दरवर्षी राखणेचा कोंबडा कोण देतं? त्या हसल्या आणि मोबाइल मागून घेऊन गेल्या. दोन दिवसांनी परत दिला, तोही चार्जिंग संपवून. कथेत रक्तपात नाही, शिवीगाळ नाही. मिरी हट्टी आहे, थापाही मारते. पण तशा पोरी घरोघरी आहेत.

आमच्याकडे रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते, म्हणून नातवाने पहिले दहा भाग मोबाइलवर उतरवून ठेवलेत. पाऊस सुरू झाला की वीज जाणार, गिरणी बंद पडणार, तेव्हा वाचायचे ठरवले आहेत. नातू आठव्या भागावर पोचला. मी अजून तिसऱ्यावरच आहे, बाजारात.

– एक कांडप गिरणीवाली आजी, ता. वेंगुर्ले