आरसा, बूच आणि कराचीचा हिशोब

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘द अपार्टमेंट’ (१९६०) वरचा लेख वाचला, खूप आवडला, माझा हा अतिशय लाडका सिनेमा आहे म्हणून लगेच लिहायला बसले. पण लेखात दाखवलेल्या दोन चुका या चुका नाहीतच, आणि एक खरी चूक आहे ती मात्र राहून गेलीय.

पहिली शंका अशी की फ्रॅन, म्हणजे ऑफिसात लिफ्ट चालवणारी नायिका, तडा गेलेला आरसा पर्समध्ये का बाळगते, नवीन घेता आला असता. अहो ती स्वतःच सांगते की तिला तो तसाच आवडतो, आतून जशी वाटते तशीच त्यात दिसते म्हणून. आणि हाच आरसा बॅक्स्टरला, म्हणजे साहेबलोकांना चोरून भेटण्यासाठी आपली खोली देणाऱ्या नायकाला, त्या खोलीत सापडलेला असतो, तो त्याने साहेबाला, शेल्ड्रेकला, परत दिलेला असतो, मग ख्रिसमसच्या पार्टीत बॅक्स्टरला त्याची नवी हॅट कशी दिसते ते बघायला फ्रॅन तोच आरसा त्याच्या हातात देते आणि त्या एका तड्यावरून, शेल्ड्रेकबरोबर खोलीवर येणारी ती फ्रॅनच, हे बिचाऱ्याला कळतं, कुणाला एक शब्द बोलावा लागत नाही!

दुसरी, शेवटी बॅक्स्टरच्या खोलीत शँपेनचं बूच उडालं की फ्रॅन जिन्यातून जिवाच्या आकांताने का धावते. कारण तिला तो गोळीचा आवाज वाटतो; बॅक्स्टरने तिला आधी सांगितलेलं असतं की एका जुन्या प्रेमभंगात तो पिस्तूल घेऊन बसला होता आणि चुकून गोळी स्वतःच्या गुडघ्यात मारून घेतली होती. शेवटाकडे सामान भरताना ते पिस्तूल परत दिसतं. मला तर तो जिना दरवेळी रडवतो.

ऑफिसच्या अवाढव्य हॉलबद्दल लेखात आहेच, फक्त कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्राउनर यांचं नाव हवं होतं. मागच्या रांगांत टेबलं लहान लहान करत नेली, आणि पार मागे मुलं बसवली म्हणून तो हॉल संपतच नाही असं वाटतं. पाच ऑस्करपैकी एक त्याचं आहे.

आता खरी चूक. सुरुवातीलाच बॅक्स्टर सांगतो, न्यूयॉर्कची लोकसंख्या ८०,४२,७८३, सरासरी उंची ५ फूट साडेसहा इंच, सगळ्यांना एकापुढे एक आडवं झोपवलं तर टाइम्स स्क्वेअरपासून रांग कराचीच्या वेशीपर्यंत जाईल. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. साडेतेरा हजार किलोमीटरच्या वर जातं. कराची सरळ रेषेत पावणेबारा हजारच्या आसपास, आपली मुंबई साडेबारा हजार, म्हणजे ही रांग मुंबईसुद्धा ओलांडून आणखी हजारेक किलोमीटर पुढे जाते. ३१,२५९ माणसांच्या विमा कंपनीत प्रीमियमच्या हिशोबाचं काम करणारा माणूस, ज्याला लिफ्टची गर्दी टाळायला मजल्यागणिक सुटायच्या वेळा वेगळ्या ठेवल्यात हेही पाठ आहे, तो इतका कसा चुकेल? दिग्दर्शक बिली वाइल्डर आणि त्यांचे सहलेखक डायमंड यांनी बाकी एक शब्द सैल सोडलेला नाही, म्हणून हे जास्त टोचतं.

सोबत गणित कागदावर मांडून पाठवतेय, जागा असेल तर तेही छापा.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे