ताई, दुकानाची गोष्ट

अश्दोद, इस्रायल
रविवार, रात्र

प्रिय ताई,

शालोम.

परवा तुझा फोन झाला तेव्हापासून तोच विचार डोक्यात आहे. तू रागावली नव्हतीस, पण तुझ्या आवाजातली काळजी मला कळली. तुझ्या नातीला मी फोनवर अब्राहामाची गोष्ट सांगितली, ती तिने तुला जशीच्या तशी ऐकवली आणि तू मराठी बायबल काढून बसलीस. उत्पत्तीचे अध्याय दोनदा वाचलेस. "अब्राहामाच्या बापाचं मूर्तींचं दुकान मला कुठेच सापडलं नाही. पोरीला मनाचं काही सांगितलंस का?" असं विचारलंस. फोनवर मी नुसतंच "मिद्राश, मिद्राश" करत राहिले. आज निवांत लिहिते.

तुला सापडलं नाही, कारण ते तिथे नाहीच. अकराव्या अध्यायात अब्राहामाचा बाप तेरह, त्याची मुलं, ऊर गाव सोडणं एवढंच येतं. बाराव्यात देव एकदम म्हणतो, निघ. तेव्हा अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा. पंचाहत्तर वर्षं हा माणूस काय करत होता, देवाने त्यालाच का हाक मारली, एक अक्षर नाही. तोराह, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, नेहमीच असं हातचं राखून बोलते. मग वाचणारा विचारतो, आणि जुन्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, जे विचारलं आणि विचारून जे शोधलं, ते मिद्राश. 'दाराश' म्हणजे शोधणं, खोदून विचारणं. दुकानाची गोष्ट 'बेरेशीत रब्बा'मध्ये आहे. तो संग्रह सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी इथे गालीलच्या बाजूला तयार झाला. तेव्हा मनाचं मी काही सांगितलेलं नाही, पण ही गोष्ट कुठली ते पोरीला सांगायला हवं होतं. ते राहिलं, ती चूक माझी.

माझ्या नातवंडांच्या धार्मिक शाळेत मुलं तोराहबरोबर राशीही वाचतात. राशी म्हणजे फ्रान्समधल्या त्रुआ गावचे रब्बी, 1040 ते 1105 हा त्यांचा काळ. त्यांच्या टीकेत जागोजागी मिद्राश विणलेला आहे. त्यामुळे मुलांच्या मनात दोन्ही एक होऊन जातं. इथली मोठी शिकलेली माणसंसुद्धा दुकान तोराहमध्येच आहे असं धरून चालतात. तू निदान पुस्तक उघडून बघितलंस.

मिद्राश कसा चालतो ते काइन आणि हाबेलच्या गोष्टीत फार छान दिसतं. चौथ्या अध्यायात हिब्रूत वाक्य असं आहे: "काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला", आणि पुढे काहीच नाही. काय म्हणाला? वाक्य तिथेच तुटतं. लगेच ते शेतात आहेत आणि काइन भावावर उठतो. काही भाषांतरांत मध्ये "चल, शेतात जाऊ" असं घातलंय, पण ते हिब्रूत नाही. रब्बी त्या तुटलेल्या जागेपाशी थांबले. दोघं भाऊ कशावरून भांडले असतील? एक म्हणतो, वाटणीवरून. अख्ख्या जगाची वाटणी. एकाने जमीन घेतली, दुसऱ्याने हलतं डुलतं सगळं घेतलं. मग पहिला म्हणाला, "तू उभा आहेस ती जमीन माझी, हवेत उड." दुसरा म्हणाला, "तुझ्या अंगावरची लोकर माझी, कपडे काढ." तिथून हातघाई.

ताई, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपल्या गावाकडची भाऊबंदकी आठवली. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ जन्मभर बोलत नाहीत, ते आपण बघितलंय. अख्ख्या जगात दोनच भाऊ, सगळी पृथ्वी मोकळी पडलेली, तरी वाटणीवरून भांडण! आणि रब्बी एका उत्तरावर थांबत नाहीत. दुसरा म्हणतो, पुढे यरुशलेमचं मंदिर कोणाच्या जागेत उठणार यावरून भांडले. तिसरा म्हणतो, बाईवरून. तिन्ही मतं शेजारी शेजारी लिहून ठेवलीत, कोणी कोणाचं खोडलं नाही. नातवंडांना मी पहिलंच सांगते. त्यांचं खेळण्यांवरून जुंपतं तेव्हा आता धाकटाच ओरडतो, "हवेत उड!" आणि दोघं हसायला लागतात.

आता दुकान. तेरह मूर्ती विकायचा. एकदा पोराला दुकानावर बसवून कुठेतरी गेला. एक गिऱ्हाईक आलं. अब्राहामाने विचारलं, "वय किती?" तो म्हणाला, साठ. "साठ वर्षांचा माणूस कालच घडवलेल्या वस्तूपुढे वाकणार?" तो शरमून निघून गेला. मग एक बाई वाटीभर पीठ घेऊन आली, म्हणाली, देवांना वाहा. अब्राहामाने काठी घेतली, सगळ्या मूर्ती फोडल्या आणि काठी सगळ्यांत मोठ्या मूर्तीच्या हातात दिली. बाप आला. हे काय? पोरगा म्हणाला, पिठावरून सगळे आपसात भांडले, आधी मी खाणार, आधी मी, मग या मोठ्याने काठी उचलली. बाप म्हणाला, "मला फसवतोस? यांना काही कळतं का?" पोरगा म्हणाला, "तुमचं तोंड काय बोललं ते तुमच्या कानांना ऐकू द्या."

पुढे बाप त्याला निम्रोद राजाच्या हवाली करतो आणि राजा त्याला भट्टीत टाकतो. तो त्यातून जिवंत बाहेर येतो.

इथल्या मुलांना ही गोष्ट मी बेधडक सांगते. पण परवा फोनवर तुझ्या नातीला सांगताना मूर्ती फोडण्यापाशी माझी जीभ अडखळली. ती ठाण्यात राहते, तिची जिवाभावाची मैत्रीण गणपतीत तिला घरी बोलावते. मला आपली अलिबागची इस्रायल आळी आठवली. चतुर्थीला शेजारच्या काकू आपल्या आईला हळदीची पानं मागायला यायच्या, आणि आपल्या अनाशी ढाकायच्या सणाला, म्हणजे पेसाहला, खमिराचं काही चालत नाही, आपली भांडी वेगळी म्हणून त्या स्वतःच्या पोरांना आपल्या ओसरीवरसुद्धा पाव खाऊ द्यायच्या नाहीत. इतकी शतकं आपण बेने इस्रायल ज्यूंनी कोकणात काढली, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोकांनी आपल्याला शनवार तेली म्हटलं. आपल्याला कोणी भट्टीत टाकलं नाही. ताई, हे पोरीला या गोष्टीच्या आधी सांग, नंतर नको. अब्राहामाचं भांडण स्वतःच्या बापाशी होतं, स्वतःच्या घरातल्या दुकानाशी होतं. मालात काही नाही हे बाप जाणून होता, तरी विकत होता, आणि पोराने ते त्याच्याच तोंडून वदवलं. शेजारणीच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवायला ही गोष्ट नाही, असं मी मनापासून मानते. तिला समजेल असं वाटत नसेल तर दोन वर्षं थांब, दुसऱ्या कितीतरी गोष्टी आहेत.

मोशेच्याच घे. मिसरच्या राजाची, फारोची मुलगी नदीवर येते, बाळ मोशेची टोपली दिसते आणि ती आपली 'अमा' पाठवते. अमा म्हणजे दासी. पण तीच अक्षरं हाताच्या मापालाही लागतात. तालमूद म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्यात दोन रब्बी आहेत. एक म्हणतो, दासी पाठवली. दुसरा म्हणतो, तिने स्वतःचा हात पुढे केला. टोपली लांब होती, हात पोचणार नव्हता, तरी तिने केला, आणि तो हात लांब लांब होत टोपलीपर्यंत गेला. हे ऐकताना मुलं नकळत आपापले हात ताणतात, मी दर वेळी बघते.

आणि कोकराची. मोशे सासऱ्याची मेंढरं राखत होता. एक कोकरू कळप सोडून पळालं. तो मागे धावला. लांबवर एका पाणवठ्यावर ते थांबलं आणि पाणी प्यायला लागलं. मोशे म्हणाला, "तहान लागली म्हणून पळालास, मला कळलंच नाही रे. दमला असशील." त्याला खांद्यावर घेऊन तो चालत परत आला. देव म्हणाला, दुसऱ्याची मेंढरं हा असा राखतो, मग माझीही हाच राखेल. तोराहमध्ये मोशे मेंढरं राखतो एवढंच आहे, पुढच्याच ओळींत जळतं झुडूप, ज्यातून देव त्याला हाक मारतो. कोकरू मिद्राशचं. पण मोशे कसा माणूस होता ते मला झुडपापेक्षा त्या कोकरातून जास्त कळलं.

नोहाची पोरीला नक्की आवडेल. महापुरात सगळ्या प्राण्यांना घेतलेल्या तारवात बारा महिने त्याला झोप नाही, कारण कोणी दिवसा खाणारं, कोणी रात्री. एक सरड्यासारखा प्राणी होता, तो काय खातो तेच कळेना. एकदा नोहा डाळिंब फोडत होता, त्यातून अळी पडली, ती त्या प्राण्याने पटकन खाल्ली. सिंहाला एकदा जेवण द्यायला उशीर झाला तर त्याने नोहाला असा फटका मारला की तो लंगडत बाहेर आला! आणि एक पक्षी कोपऱ्यात गप्प बसलेला. तुला नको का? तर म्हणाला, "तुम्ही कामात होतात, तुम्हाला कशाला त्रास देऊ." ही सांगून झाली की थोरली हमखास स्वतःहून आईला विचारते, काही मदत करू का?

सगळेच मिद्राश मुलांसाठी नाहीत. बाविसाव्या अध्यायात अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला बांधून वेदीवर ठेवतो, तेविसाव्याच्या सुरुवातीला इसहाकाची आई सारा मरते. दोन्हींचा संबंध कुठे सांगितलेला नाही. रब्बींनी ते दोन अध्याय जोडले. डोंगरावर काय चाललंय ते साराला कळलं, तिने सहा हाका फोडल्या आणि तिचा प्राण गेला. शोफारचे, म्हणजे आपण फुंकतो त्या मेंढ्याच्या शिंगाचे नाद त्या हाकांचे आहेत, असं म्हणतात. इतकी वर्षं नव्याच्या सणाला, आपल्या नववर्षाला, शोफार ऐकत आले, पण हे वाचल्यापासून मला तो उभ्याने ऐकवत नाही. नातवंडांना अजून सांगितलेलं नाही. तुला सांगितलं, कारण तू आपलं एक लेकरू पुरलेलं आहेस.

आता सांगायचं कसं. शनिवारी दुपारी मी पुस्तक मांडीवर घेऊन बसते. तोराहमधलं बोलताना हात पुस्तकावर ठेवते. मिद्राश सुरू झाला की हात उचलून छातीवर घेते. समजावून सांगावं लागत नाही. एकदा माझा हात चुकून पुस्तकावरच राहिला तर धाकट्याने तो उचलून ठेवला. तू व्हिडिओवर दिसतेस तशी पोरीला समोर बसव आणि असंच कर. आणि तिला विचारू दे. परवा माझ्या नातवाने विचारलं, कोकराला पाणवठा कुठे आहे ते कसं माहीत? मी म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, आधी एकदा त्याची आई त्याला घेऊन गेली असेल. हे कुठल्याच पुस्तकात नाही, पण पुढच्या शनिवारी मी ते गोष्टीत घातलं, छातीवर हात ठेवून.

सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या जेवणाच्या रात्री आपण मिसरवर आलेल्या दहा पीडांची नावं घेत काळ्या मनुकांच्या शरबताचा एकेक थेंब बाहेर काढतो ना, तेव्हा मात्र मी दरवर्षी एकच गोष्ट सांगते. मिसरचे लोक समुद्रात बुडत होते आणि देवदूत गायला निघाले. देव म्हणाला, "माझ्या हातची लेकरं समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाणं म्हणता?" रब्बी योहानानचं हे सांगणं तालमूदमध्ये आहे. या देशात ती गोष्ट मुलांना सांगायलाच हवी असं मला वाटतं.

हे सगळं लिहिताना बाबाच सारखे डोळ्यांपुढे येतात. आपल्या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या मिद्राशचे ग्रंथ नव्हते. पण 1880च्या सुमाराला आपल्या माणसांनी मुंबईत हरिकीर्तन ऐकलं आणि त्याच धर्तीवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची कीर्तनं बांधली. साकी, दिंडी, ओवी, मध्ये गद्य. बाबा योसेफाला विहिरीत टाकल्याचं सांगायचे तेव्हा विहिरीच्या तळाशी त्याला काय दिसलं, त्याने आईला कशी हाक मारली, हे सगळं यायचं. तोराहमध्ये त्यातलं काही नाही. बाबांना कोणी कधी विचारलं नाही, हे कुठून आणलंत. आपल्या मागेन अबोथ प्रार्थनालयाच्या अंगणात बायका पदराने डोळे पुसायच्या. आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याहून रथातून वर गेला, कातळावर खुणा आहेत, असं आपण लहानपणापासून ऐकलं, मलिद्याचं ताट धरून त्याला हाक मारली. इथले लोक ऐकून थक्क होतात. मी त्यांना सांगते, आमचा कोकणचा मिद्राश आहे.

ताई, एक काम कर. बाबांची कीर्तनाची वही तुझ्याकडच्या लोखंडी ट्रंकेत आहे, सेफेरच्या, म्हणजे तोराहच्या गुंडाळीच्या, जुन्या मखमलीच्या कपड्यात गुंडाळलेली. मोशेच्या कीर्तनात एक साकी होती, त्यात कोकरू होतं असं मला अंधुक आठवतं. बाबांनी कोणाकडून ऐकून घातलं होतं, की स्वतःच? शब्द आठवत नाहीत, चाल तेवढी येते. पानं फार जीर्ण झालीत, उलटताना जपून, आणि पोरीला सांग त्या पानांचे फोटो काढून मला पाठवायला. शनिवारच्या आत मिळाले तर बरं.

तुझी,
धाकटी