वजन उतरते, पण टिकत का नाही?

संपादक महोदय,

कडक डाएटने उतरवलेले वजन पुन्हा चढते, कारण वजन घटले की शरीर कमी उष्मांक जाळते आणि भूक मात्र वाढते. म्हणून आठवड्याला अर्ध्या किलोहून अधिक घटीचा हट्ट नको. मुलांच्या ताटातले उरलेले घास आणि चहा हिशेबात धरलेच जात नाहीत. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे साखरेच्याच सुमारे १६० कॅलरी! चौघांच्या घरात महिन्याला अडीच लिटर तेल पुरते. ते मोजून वेगळ्या बरणीत काढावे. रात्री पोळी किंवा भात, एकच. सोबत वाटीभर उसळ. स्नायू टिकवायला आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर हवेतच. चालणेही हवे; पण शाळा सुटेपर्यंत पालक फाटकाबाहेर दुचाकीवर ताटकळतात. शाळांनी त्यांना मैदानाच्या कडेने फेऱ्या मारू द्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– काही आहारतज्ज्ञ, पुणे