मुकादम नाना, तुमच्यामुळे उमेदवारांना साईडपट्टीवर (डांबराच्या कडेच्या पट्टीवर) बोलावं लागलं

नाना, नमस्कार.

तुम्हाला मेसेज टाकून काही उपयोग नाही, तुमचा फोन बटणांचा आणि तोही निम्मा वेळ गोठ्यात राहिलेला, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितीये, नातू वाचून दाखवेल. तसंही चारचौघात आभार मानायचेच होते. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आमच्या गटात, म्हणजे मतदारसंघात, चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा विषय निघाला त्याचं श्रेय घ्यायला सध्या बरीच मंडळी पुढं आलीयेत, एकाने तर बॅनरच लावलाय, आणि ज्यांनी हे सगळं आमच्या डोक्यात भरवलं ते तुम्ही बॅनरच्या खालून शेळ्या घेऊन जाताय.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं गाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण उगाच कुणाला तरी लागतं. एका बाजूला रांजणगाव एमआयडीसी, तिच्या शिफ्टच्या बसा आणि टेम्पो, दुसऱ्या बाजूला ऊस, म्हणजे सीझनला दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर. मधल्या रस्त्यावर वस्तीवरची पोरं चालत शाळेत जातात, मोठ्या मुली सायकलवर, बाया रोजंदारीला, आणि म्हातारी माणसं दवाखान्याची एसटी पकडायला फाट्यापर्यंत. नाना हे पीडब्ल्यूडीत, म्हणजे सरकारच्या बांधकाम खात्यात, मैलकुली (रस्त्याची देखभाल करणारे मजूर) म्हणून लागले आणि मुकादम म्हणून रिटायर झाले. तालुक्यातला कुठला रस्ता कुणाचा, हे त्यांना ऑफिसातल्या नकाशापेक्षा जास्त पाठ आहे.

तर नाना, आठवतंय का, पहिला उमेदवार आमच्या बचत गटाच्या मीटिंगला आला होता. आम्ही विचारलं की पोरांना शाळेत चालत जायला रस्त्याच्या कडेला जागा नाही, त्याचं काय करणार. तो हसला आणि म्हणाला, ताई तो रस्ता आमच्याकडे येतच नाही, तो पीडब्ल्यूडीचा. झालं, सगळ्या गप्प. दोन दिवसांनी दुसरा आला, त्याने सांगितलं की तो पंचायतीचा. या आधी आम्ही तालुक्याला एका ऑफिसात अर्ज दिला होता तिथं तिसरंच उत्तर मिळालेलं, तो अर्ज अजून कुठल्या फायलीत आहे देव जाणे. तुम्ही पारावर बसून सगळं ऐकत होतात आणि दुसरा गेल्या गेल्या मला हाक मारलीत, "ए पोरी, ती पेन्सिल आण."

त्याच उमेदवाराच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही रस्ता काढलात. फाट्यापासून चौकापर्यंत प्रजिमा, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, तो बांधकाम खात्याचा, त्यावर झेडपी सदस्य फार तर पाठपुरावा करणार. चौकापासून शाळा आणि पुढे शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत ग्रामीण मार्ग, तो जिल्हा परिषदेचा, तिथं सदस्याला "आमच्याकडे येत नाही" म्हणायची सोयच नाही. शाळेपासून वस्तीकडे जातो तो पाणंद रस्ता, त्याला वेगळी योजना, वेगळा पैसा. आणि पाटाच्या कडेचा जो भराव आहे, ज्याच्यावरून निम्मी पोरं शॉर्टकट मारतात, तो जलसंपदा खात्याचा. एकच वाट, चालणाऱ्याच्या दृष्टीने एकच, आणि मालक तीन-चार. तो कागद मी लॅमिनेट करून घेतलाय, मागच्या बाजूला त्या उमेदवाराचा हसरा फोटो आहे त्याला इलाज नाही.

मला सगळ्यात भारी वाटलं ते टेप घेऊन रस्त्यावर गेलो तेव्हा. तुम्ही म्हणालात, नुसतं "रस्ता अरुंद आहे" म्हणून ओरडायचं नाही, आकडा बोलायचा. ग्रामीण रस्त्याच्या मानकात सपाट भागात एकूण रुंदी ७.५ मीटर धरतात, त्यातलं मधलं डांबर ३.७५ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेदोन मीटरच्या वर साईडपट्टी उरली पाहिजे. अगदी कमी वाहतुकीच्या रस्त्याला ६ मीटर आणि ३ मीटर, तरी दोन्हीकडे दीड मीटर राहतोच. आणि आपल्याकडे? मारुतीच्या देवळाच्या पुढच्या वळणावर तुम्ही टेप धरलात तर डांबर संपल्यावर हातभर मुरूम, लगेच वेडी बाभूळ, तिच्या खाली चारी, म्हणजे पाण्याचा चर. बाभळीची एक फांदी तर बरोबर नववीतल्या पोरीच्या तोंडावर येईल एवढ्या उंचीची. वर प्रत्येक कामाला नवीन थर टाकून डांबर वर वर चढलंय आणि कडेला मुरूम कुणी भरलेला नाही, त्यामुळे कडेला चांगली वीतभर पायरी झालीये. सायकलवाल्याला मागून हॉर्न वाजला की खाली उतरावं लागतं आणि त्या पायरीवर पुढचं चाक सरकतं, पोर पडतं ते आत पडलं तर चारीत, बाहेर पडलं तर ट्रॉलीच्या पुढ्यात. हे आम्ही रोज बघत होतो पण "पोरगी नीट चालवत नाही" असंच म्हणत होतो सगळे. तुम्ही चप्पल काढून त्या पायरीवर पाय ठेवून दाखवलात आणि सांगितलंत की हा मेंटेनन्सचा आयटम आहे, साईडपट्टी भरणे आणि झाडंझुडपं काढणे, अंदाजपत्रकात बघायचं आहे का, आणि असेल तर एमबीत, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाच्या वहीत, काय मोजलंय ते माहितीच्या अधिकारात मागायचं.

मग काय, पुढचे उमेदवार आले ते आमच्या तावडीतच सापडले. मला वाटतं तुम्ही लांबून मजा बघत होतात.

एकाचं म्हणणं होतं की सगळा रस्ता काँक्रीटचा करून टाकतो, फाट्याला पाच मिनिटांत. टाळ्या पण पडल्या, खोटं कशाला बोलू, मोटरसायकलवाली पोरं खूश. पण नाना तुम्ही मागून विचारलंत की पाच मिनिटांत म्हणजे गाडी किती स्पीडने जाणार आणि तेव्हा कडेने चालणारा कुठं जाणार. याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी नंतर शोधून वाचलं, जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाड्यांचा सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. केंद्र सरकारच्याच अहवालात २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर मेलेल्यांमध्ये ३२,८२५ लोक पायी चालणारे होते. आणि रस्ते अपघातातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात होतात, शहरात नाही. रस्ता चांगला होऊ नये असं आपलं कुणाचंच म्हणणं नाही, पण गावात चांगला रस्ता म्हणजे फक्त जोरात जाता येणारा रस्ता असंच सगळे पक्ष धरून चालतात.

दुसऱ्याने सायकली वाटायचं कबूल केलं, मुलींना, फुकट. चांगलंच आहे. तुम्हाला ते अजिबात पटलं नाही, तुमचं म्हणणं सायकल देऊन चारीतच पाडायचं का. इथं माझं तुमच्याशी अजूनही जमत नाही हं नाना. सायकल मिळाली म्हणून शाळा न सुटलेल्या मुली मी बघितल्यात, आमच्याच वस्तीवर, रस्ता होईपर्यंत थांबा म्हटलं असतं तर त्यांची लग्नं झाली असती एव्हाना. दोन्ही पाहिजे.

तिसऱ्याची कल्पना ऐकून मात्र मी पण हरखले होते, पाटाच्या भरावावर सायकल ट्रॅक. म्हणजे गाड्यांचा त्रास नाही, सावली आहे, सरळ शाळेच्या मागे निघतो. तुम्ही शांतपणे तीन प्रश्न विचारलेत, जलसंपदाची परवानगी कोण आणणार, आवर्तन (पाटाचं पाणी) सुटल्यावर पाट तुडुंब असतो तेव्हा पोरं पडू नयेत म्हणून कठडा कोण लावणार, आणि दोन्ही बाजूला ऊस आहे तर संध्याकाळी बिबट्याचं काय. हा शेवटचा प्रश्न पुण्यात बसून कुणाला सुचणारच नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, हा सगळा पट्टा बिबट्याचा आहे, ऊस हेच त्यांचं घर झालंय, आणि आमच्या तालुक्यात माणसं गेलीयेत, लेकरं गेलीयेत. इथं "पोरांना चालत पाठवा, तब्येतीला चांगलं" असं कुणी म्हटलं की आयांच्या पोटात गोळा येतो. त्यामुळे आमच्या गटात पायी चालण्याचा प्रश्न म्हणजे कडेचा झाडोरा काढणं, दिवे चालू असणं, आणि शाळा अंधाराच्या आत सुटणं हा पण आहे. त्या उमेदवाराने निदान वहीत लिहून घेतलं, बाकीच्यांनी तेही केलं नाही.

चौथा म्हणाला, "आता चालतंय कोण ताई, घरटी दोन टू व्हीलर आहेत." मीटिंगला आलेल्या निम्म्या बाया चालत आल्या होत्या! कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. घरी टू व्हीलर असते ओ, पण तिची चावी कुणाच्या खिशात असते ते आम्हाला विचारा.

आणि अपक्ष उभ्या राहिलेल्या ताई, त्याच फक्त खरं बोलल्या, मोठं काही जमणार नाही पण शाळेसमोर गाड्या हळू होतील एवढं करते. स्पीडब्रेकरवरून तुमची आणि त्यांची जी जुंपली ती गावात अजून रंगवून सांगतात. उताराला मोरीच्या तोंडाशी ब्रेकर टाकला तर ऊसाची ट्रॉली उलटेल, शाळेच्या गेटपासून मागे घ्या आणि आधी पांढरे पट्टे, बोर्ड, रिफ्लेक्टर पाहिजेत, हे तुम्ही त्यांच्या कार्यकर्त्यांना खडूने रस्त्यावर काढून दाखवलंत.

पण नाना, ज्या एका मुद्द्याने सगळ्यांची बोलती बंद झाली तो पण तुमच्याच गप्पांतून निघाला. तुम्ही सहज म्हणालात, "शाळा पण झेडपीची, रस्ता पण झेडपीचा, मग दोघांचं बोलणं का होत नाही?" मी तेवढ्यावरून शिक्षण हक्काचे नियम काढले. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत. म्हणजे सहा वर्षांचं पोर एक किलोमीटर चालणार हे सरकारनेच धरलंय! मग ते किलोमीटर चालायचं कशावरून, हे बघायची जबाबदारी त्याच जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची नको का. हे प्रत्येक उमेदवाराला विचारलं, झेडपी गटाच्या आणि पंचायत समिती गणाच्या दोन्ही, आणि आधी कुणी तसा विचारच केलेला नव्हता हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांचीच चूक म्हणत नाही मी. २०१७ नंतर निवडणूकच झाली नव्हती, मार्च २०२२ पासून प्रशासक, विचारायचं तरी कुणाला.

"गावाकडे कुठं असतात फूटपाथ" हे पण ऐकवलं एकाने. त्यावर तुम्ही पालखी मार्गाचं उदाहरण दिलंत. आळंदीहून आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या दोन्ही पालखी मार्गांचं भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं तेव्हाच वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी चालायची वेगळी वाट करायचं ठरलं होतं. म्हणजे पायी चालणाऱ्याला जागा ठेवून रस्ता आखता येतो, मनात आणलं तर. वारी वर्षातून एकदा, आमच्या पोरांची वारी रोजची, हे तुमचं वाक्य मी एका भाषणात चोरलंय, माफी.

शेवटी या नंतर आलेल्या पाच जणांपैकी तिघांनी आमच्या कागदावर सही केली. त्यात झेडपीच्या हद्दीतल्या रस्त्याची साईडपट्टी दोन्ही बाजूंनी भरून दाबून घ्यायची, पावसाळ्यानंतर बाभळी काढायच्या, शाळेसमोर वेग कमी करायचा, आणि प्रजिमाच्या तुकड्यासाठी बांधकाम खात्याला सदस्याने स्वतः पत्र द्यायचं, एवढंच लिहिलंय. कोण निवडून आलं ते इथं लिहीत नाही, सही केलेल्यांपैकी आहे एवढं सांगते. बॅनर कुणाचा ते पण गाववाल्यांना कळलं असेलच.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, कुणाच्या गाडीत बसला नाहीत, चहा पण स्वतःच्या पैशाने प्यायलात आणि वर आम्हालाच पाजलात. रिटायर झाल्यावर एवढ्या वर्षांनी सुद्धा रस्त्यात पडलेला दगड पायाने बाजूला केल्याशिवाय तुम्ही पुढं जात नाही हे मी बघितलंय. माझ्या पोरीतर्फे, वस्तीवरच्या सगळ्या पोरांतर्फे आणि बचत गटातर्फे मनापासून थँक्यू नाना.

आणि एक काम आहेच. साईडपट्टीचं अंदाजपत्रक आणि एमबीची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज परवाच टाकलाय, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. कागद आले की घेऊन येते, त्यातले आकडे तुमच्याशिवाय कुणाला वाचता येणार नाहीत, तोवर तेवढा चष्म्याचा नंबर बदलून घ्या, शिरूरला मी नेते, एसटीने.

तुमची,
बचत गटातली ती टेप धरणारी