भाऊबीज करून लगेच निघेन

ती. नाना आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की मला काही बोलवत नाही, म्हणून लिहिते आहे. यंदा दिवाळीची पूर्ण सुट्टी घरी काढता येणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पोचेन, भाऊबीजेला दादाला ओवाळेन आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत. हे ठरलं आहे, प्रोजेक्टच्या मॅडमनाही तसं कळवलंय. आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. नाना, तुम्ही वाचून दाखवत असाल तर इथे थांबू नका, पुढचं नीट वाचा.

सुट्टी संपली की लगेच सेमिस्टरची परीक्षा आहे, हे एक. पण नुसती परीक्षा असती तर पुस्तकं घेऊन आले असते, ओट्यावर बसून वाचलं असतं. अडलंय ते पाण्यावर. प्रोजेक्टसाठी दर आठवड्याला ठरलेल्या वारी मी इथे नाशकात सोमेश्वर, रामकुंड आणि टाकळीला गोदावरीचं पाणी बाटल्यांत भरते. बाटलीत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही. मग काठावरच त्यात दोन औषधं सोडायची. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो, नसला तर पांढरा. आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असं मानक आहे. मधला एखादा आठवडा चुकला तर पुढच्या-मागच्या आकड्यांची ओळ तुटते, आणि दिवाळीत घाटावर गर्दी वाढते तेव्हाचंच पाणी तर बघायचं आहे. विद्यापीठाच्या आविष्कार संशोधन स्पर्धेत हेच मांडायचंय. 2027चा सिंहस्थ तोंडावर आलाय, तेव्हा हे काम आत्ताच व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नाना, सायखेड्याच्या पुलाला पाणवेली अडकली की तुम्ही किती चिडता! ती वेल शहरातून येणाऱ्या सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस खाऊन फोफावते. इथे जे नदीत पडतं, ते वाहत तुमच्याकडेच येतं. विसर्जनाला एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, आम्ही सगळी पोरं घाटावर निर्माल्य गोळा करत रात्रीपर्यंत उभी होतो, त्यावरून गावात काय बोललं गेलं ते माझ्याही कानावर आलंय. कोणी विचारलं तर सांगा, आमची पोरगी आपल्याच गावाकडे येणारं पाणी राखते. सोबत आमच्या मॅडम होत्या, आणि हॉस्टेलच्या दारापर्यंत आम्ही सगळ्या मुली एकत्रच आलो.

एनएसएसचे वर्षाला 120 तास भरायचे असतात, आणि डिसेंबरात पेठ तालुक्यात सात दिवसांचं शिबिर आहे. शिवाय शनिवार-रविवारी पेठ रोडच्या वस्तीत मुलांना शिकवायला जाते. आपल्या द्राक्षबागेत बिनघडाच्या फुटी काढायला, मणी विरळायला ज्या मावश्या येतात ना, तशाच घरची पोरं आहेत ही. आई-बाप द्राक्षाच्या कामाला हलले की पोरांची शाळा सुटते. आई, तू बांधावर झोळीतल्या लेकरांना भाकरीचा कुस्करा भरवायचीस, ते मी बघत मोठी झाले. हे सगळं माझ्या अंगात आलं कुठून, असं विचारतेस ना? बघ आता.

"एवढं सगळं कशाला, नुसता अभ्यास कर," हे नानांचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला 60 हजार मिळतात आणि उन्हाळी प्रकल्पाचे वेगळे 20 हजार, ते मार्कांमुळेच मिळतात, हे मी एक दिवसही विसरत नाही. पहाटे उठून आधी अभ्यासच करते. पण नाना, गारपिटीच्या वर्षी बाग झोपली आणि अक्काची अकरावी सुटली. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुमच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं, अक्काही हेच म्हणते. मला एवढंच वाटतं की तिच्या वाट्याचंही मला मिळतंय, तर हात आखडून कसं चालेल?

आता माझी काळजी. मेसमध्ये बाजरीची भाकरी मिळते, वरण पातळ असतं पण पोटभर असतं. सकाळी अंघोळीला गरम पाणी आहे. नवी गोधडी अंगावर घेते. तिला अजून आपल्या घरचा वास येतो, म्हणून धुतली नाही. रागावू नकोस आई, धुईन. एसटीत मला अर्धं तिकीट आहे, पैशांची ओढाताण नाही.

काल पाणी भरताना एक माणूस लेकीला खांद्यावर घेऊन नदी दाखवत होता. नाना, पुरात चांदोरीचं खंडेरावाचं मंदिर पाण्यात गेलं की तुम्ही मला तसंच न्यायचात आणि मी तुमचे कान घट्ट धरून ठेवायचे. आता तुमच्या खांद्याला फवारणीच्या पंपाचा पट्टा नको. द्राक्षावरच्या डावणी रोगाची भीती मलाही कळते, पण फवारा ट्रॅक्टरच्या ब्लोअरनेच मारायचा आणि तोंडाला मास्क, हातात मोजे घालूनच. नुसता रुमाल बांधून भागत नाही. औषधाचे हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप धरायचा नाही. शुगर उपाशीपोटी तपासायची, निफाडच्या सरकारी दवाखान्यात. दादा येईल तेव्हा त्याच्या गाडीवरच जा आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवायला सांगा.

आई, गुडघ्याची गोळी जेवल्यावर. चकल्यांसाठी तासन्‌तास खाली बसू नकोस, पाट ओट्यावर ठेव. माझ्यासाठी वेगळा डबा भरायचाच असेल तर चिवडा दे, शंकरपाळी वस्तीतल्या पोरांसाठी जरा जास्त दे. अनारसे घालू नकोस, मी नसताना उगीच त्रास. बरं, थोडेसे घातलेस तर चालतील.

लक्ष्मीपूजनाला दुपारीच चांदोरी चौफुलीवर उतरेन. नाना, घ्यायला तुम्ही येऊ नका, दादाला पाठवा.

तुमची,
चिमी