सफकमधल्या नव्या शेतासाठी काकांना आभारपत्र

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

सफक काउंटीतल्या त्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन उतरण्याची परवानगी मला तुमच्या शब्दाखातर मिळाली, आणि तिथे जे काही हाती लागले त्याची रीतसर नोंद आता पूर्ण झाली आहे. घरी येऊन तुमचे आभार मानणार आहेच; तरी हे पत्र उघड लिहीत आहे, कारण इंग्लंडात हा छंद नव्याने सुरू करणारे मराठी मित्र मला सर्वांत आधी यंत्र कोणते घ्यावे हे विचारतात, आणि तुम्ही मला यंत्राचा विषय सर्वांत शेवटी काढून आधी बाकीचे सगळे शिकवलेत. शेताचे आणि गावाचे नाव मुद्दाम टाळले आहे, कारण रात्री चोरून खणणारे लोक अशाच माहितीच्या मागावर असतात.

शेतमालकांशी झालेल्या पहिल्या भेटीत तुम्ही नाण्यांबद्दल बोललाच नाहीत. पेरणी कधी आहे, मेंढ्या कोणत्या कुरणात आहेत, फाटक उघडे ठेवायचे की लावून घ्यायचे, एवढेच तुम्ही विचारलेत. मग प्रत्येक खड्डा बुजवला जाईल, सापडलेली प्रत्येक वस्तू त्यांना दाखवली जाईल आणि मौल्यवान काही निघाले तर वाटणी कशी होईल, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात. जमिनीचा कोणता भाग संरक्षित स्मारकात मोडतो हेही तुम्ही आधीच तपासले होते, कारण अशा ठिकाणी मालकाची परवानगी पुरत नाही. १९७९ च्या कायद्यानुसार स्वतंत्र संमती लागते.

त्यानंतर तुमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले गेले. १८३६ च्या कायद्यानंतर गावोगावी दशांश-करासाठी, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शासाठी, जे नकाशे तयार झाले त्यांत शेतांची जुनी नावे असतात, आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांवर आज नांगराखाली गेलेल्या पाऊलवाटा दिसतात. चर्चकडे जाणारी अशीच एक मोडलेली वाट तुम्ही पेन्सिलीने आजच्या नकाशावर उतरवून दिलीत. माणसे जिथून रोज चालत गेली तिथेच त्यांच्या कमरेच्या पिशवीतून काही गळून पडले असेल, हा तुमचा तर्क मला आजही या छंदातला सर्वांत मोलाचा वाटतो.

बार्ली निघाल्यावर धसकटांतून त्या वाटेच्या रेषेने कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची चकती, जमिनीलगत ठेवून सावकाश फिरताना आधी अर्थातच खिळे, काडतुसांच्या टोप्या, शिशाचे तुकडे आणि बटणे निघाली. मग चांदीचे एक अर्धे कापलेले नाणे निघाले, आणि काही अंतरावर राजा पहिल्या एडवर्डची अखंड पेनी. तुम्ही भिंगाखाली ती अर्धी चकती धरून तिच्यावरचा दुहेरी रेषांचा लांब क्रूस दाखवलात आणि तो राजा तिसऱ्या हेन्रीने १२४७ मध्ये सुरू केलेल्या नाण्यांचा असल्याचे सांगितलेत. सुट्ट्या पैशांची चणचण असल्याने लोक पेनी क्रूसाच्या रेषेवर कापून तिचे अर्धे आणि पाव भाग वापरत. १२७९ मध्ये एडवर्डने नाणेबदल करून गोल फार्दिंग (पाव पेनीचे नाणे) पाडायला घेतले आणि पुढे ही कापाकापी मागे पडली. जेमतेम दीड ग्रॅमच्या चांदीत एवढा बाजारहाट सामावलेला असतो, हे मला त्या संध्याकाळी उमगले.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला १९९६ च्या ट्रेझर ॲक्टची आठवण करून दिलीत. तीनशे वर्षांपेक्षा जुनी, चांदीची दोन नाणी एकाच संचातली असतील तर तो कायद्याने खजिना ठरतो आणि चौदा दिवसांत कॉरोनरला (अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला) कळवावे लागते. दोन्ही नाण्यांच्या जागांचे दहा अंकी ग्रिड संदर्भ (नकाशावरची नेमकी जागा सांगणारे आकडे) तुमच्या आग्रहामुळे जागच्या जागी लिहिलेले होते, त्यामुळे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या फाइंड्स लायझन ऑफिसरना निर्णय करणे सोपे गेले. नाणेबदलाच्या वेळी जुनी नाणी परत घेऊन वितळवली गेली होती. म्हणून ही दोन्ही एकाच पिशवीतून पडलेली नसून वेगवेगळ्या काळी हरवलेली आहेत, असे त्यांनी ठरवले. आता ती पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेच्या नोंदींत आहेत.

याच काउंटीतल्या हॉक्सन गावी १९९२ मध्ये मित्राची हरवलेली हातोडी शोधायला गेलेल्या एरिक लॉज यांना रोमन खजिना लागला, तेव्हा त्यांनी पुढे न खणता अधिकाऱ्यांना कळवले. म्हणूनच पुरातत्त्वज्ञांना सुमारे पंधरा हजार नाणी आणि दागिने ज्या रचनेत पुरले होते त्या रचनेसकट उचलता आले. ब्रिटिश म्युझियममध्ये ती हातोडीही ठेवली आहे. ही हकिकत तुम्ही सांगता तेव्हा तुमचा आवाज चढतो, आणि तो का चढतो हे मला आता पुरते कळते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी तुमचेच म्हणणे इथे जोडतो: इंग्लंडातली ही मोकळीक तिकडे लागू नाही. गडकोटांवर आणि संरक्षित स्थळांवर डिटेक्टर नेऊच नये, आणि शेतात नांगरताना पुरलेले धन लागले तर १८७८ च्या कायद्यानुसार, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली तर, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

काका, तुमचा वेळ, तुमची भिंगे, तुमचे नकाशे आणि अनोळखी दारात माझ्यासाठी टाकलेला तुमचा शब्द यांबद्दल मी मनापासून ऋणी आहे. ओढ्याकडची पट्टी पुढच्या सुगीनंतर मोकळी होईल असे शेतमालकांनी कळवले आहे आणि तुम्हालाही आवर्जून बोलावले आहे. गुडघ्याला झेपणार असेल तर तारीख कळवावी. गाडी घेऊन मी येतो.

आपला कृपाभिलाषी,
सफकमधला आपला विद्यार्थी